वेगवान पाण्याच्या तळाशी : ट्राउटसाठी वजनदार निम्फ

कोकणात गरी टाकून मासा धरणे ही काही नवी गोष्ट नव्हे. रत्नागिरीच्या खाडीकाठी संध्याकाळी गरवायला बसलेली मंडळी आजही दिसतात. तंगूस, त्याच्या टोकाला गरी, गरीच्या थोडे वर शिशाचा तुकडा आणि आमिषाला कोळंबी, एवढ्या सामग्रीवर पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवहार चालत आला आहे. पाग फेकणाऱ्याच्या जाळ्याच्या काठालाही शिसे ओवलेले असते. हलके जाळे पाण्यावर तरंगत राहिले तर मासा निसटतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. वजन हा मासेमारीतील मूलभूत विचार आहे.

हाच विचार थंड प्रदेशांतील डोंगरी नद्यांवर ट्राउट धरणाऱ्यांनी अतिशय सूक्ष्म पातळीवर नेला. त्यांची गरी बोटाच्या पेराहूनही लहान असते. तिच्यावर आमिष नसते. पिसे, लोकर व तार गुंडाळून केलेला एक खोटा कीटक असतो. अशा खोट्या कीटकाला ‘फ्लाय’ म्हणतात. पाण्याखाली राहणाऱ्या, पंख न फुटलेल्या अवस्थेतील कीटकाची प्रतिकृती असेल तर ती ‘निम्फ’ होय. तिच्यात मणी किंवा तार घालून ती जड केली की ‘वजनदार निम्फ’ तयार होते. खळाळत्या पाण्यात ट्राउट धरण्याचे हे सर्वांत परिणामकारक साधन मानले जाते. सुट्टीत हिमाचल, काश्मीर वा निलगिरीकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांपैकी अनेकांना या छंदाविषयी कुतूहल असते. त्यांच्यासाठी, आणि आपल्या नद्यांकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहू इच्छिणाऱ्यांसाठी, ही माहिती.

रत्नागिरीत ट्राउट का नाही?

वेगवान पाण्याचा रत्नागिरी जिल्ह्यात तोटा नाही. सह्याद्रीचा कडा समुद्रापासून फार दूर नसल्याने येथील नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. पावसाळ्यात प्रत्येक पऱ्या आणि वहाळ धावत सुटतो. वाशिष्ठीची गोष्ट तर आणखी वेगळी. कोयना जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला आणून पोफळी येथील वीजगृहांत वापरले जाते. तेथून ते कोळकेवाडी धरणात येते आणि पुन्हा वीज निर्माण करून वाशिष्ठीला मिळते. त्यामुळे इतर नद्या आटतात त्या दिवसांतही चिपळूणच्या बाजूला पाणी खेळते राहते.

ट्राउटला मात्र नुसता वेग पुरत नाही. त्याला थंडावा लागतो. साधारणपणे १० ते १८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात हा मासा सुखाने राहतो. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याला त्रास होऊ लागतो आणि २५ अंशांच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. पाणी जितके तापते तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, हे त्याचे एक मुख्य कारण. अंडी घालण्यासाठी तर त्याहूनही थंड, स्वच्छ व खडीचा तळ असलेले पाणी हवे. कोकणातील नद्यांचे पाणी उन्हाळ्यात या मर्यादेच्या बरेच पुढे जाते.

भारतात कोठेच ट्राउट मूळचा नाही. तपकिरी ट्राउट युरोपातला, तर रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. इंग्रज अधिकाऱ्यांनी व मळेवाल्यांनी आपल्या हौसेखातर हे मासे येथे आणले. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांतून तपकिरी ट्राउटची रुजवात झाली. कुलू खोऱ्यात कटराईंजवळ १९०९ साली अंडी उबवण्याचे केंद्र सुरू झाले. निलगिरीत फ्रान्सिस डे यांनी १८६३ च्या सुमारास केलेला प्रयत्न फसला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी एच. सी. विल्सन यांच्या खटपटीने तेथे रेनबो ट्राउट टिकला. अॅव्हलांच येथील केंद्र त्याच काळातले. केरळात मुन्नारच्या उंच भागातही तो पोहोचला. रत्नागिरीकराला जवळचा ट्राउट म्हणजे हा दक्षिणेतला. पण या छंदाचे खरे माहेर हिमाचलातील बियास, तीर्थन, सैंज, बास्पा, पब्बर आणि काश्मीरमधील लिद्दर, ब्रेंगी, सिंध अशा नद्यांवर आहे.

तळाचे संथ पाणी

खळाळत्या नदीकडे काठावरून पाहिले तर सारे पाणी एकाच वेगाने धावते आहे असे वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. तळाशी दगडगोट्यांच्या घर्षणाने पाण्याचा वेग कमी झालेला असतो. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला तर तो जवळजवळ थांबलेला असतो. वरचे पाणी मात्र जोरात निघून जाते. ट्राउट या संथ थरात उभा राहतो. तेथे त्याला पोहण्याचे श्रम कमी पडतात आणि शेजारून धावणारे पाणी अन्न घेऊन येते. वाहत आलेला कीटक त्याच्या टप्प्यात आला की तो किंचित सरकतो, तोंड उघडतो आणि पुन्हा जागेवर येतो. दोन फूट वर पृष्ठभागाजवळून जाणाऱ्या कीटकासाठी वेगवान प्रवाह चिरून जाणे त्याला बहुधा परवडत नाही. ट्राउट आपले बहुतांश अन्न पाण्याखालीच मिळवतो, ते याच कारणाने.

हे अन्न म्हणजे प्रामुख्याने तीन कुळांतील कीटक. मेफ्लायच्या अर्भकांना शेवटी दोन किंवा तीन शेपट्या असतात. वेगवान पाण्यातील त्यांच्या काही जाती चपट्या असून दगडाला चिकटून राहतात. कॅडिसच्या अळ्यांपैकी काही वाळूच्या कणांचे व काडीकचऱ्याचे घर बांधतात, तर काही दगडांच्या फटीत बारीक जाळे विणतात. स्टोनफ्लायचे अर्भक आकाराने मोठे, दोन शेपट्यांचे व स्वच्छ पाण्याचे भोक्ते असते. पाय निसटला, जागा बदलायची असली किंवा पंख फुटण्याची वेळ आली की हे कीटक प्रवाहात सुटतात. संध्याकाळी व रात्री हे वाहणे वाढते.

या कीटकांसाठी हिमालयात जाण्याची गरज नाही. सह्याद्रीतील एखाद्या स्वच्छ ओढ्यात पाऊस ओसरल्यावर बुडालेला गोटा उचलून उलटा करून पाहावा. मेफ्लायची चपटी अर्भके दगडाच्या कडेकडेने सरकताना दिसतात आणि कॅडिसची चिमुकली घरे चिकटलेली आढळतात. निम्फ बांधणाऱ्याने पहिला धडा येथेच घ्यावा. पुस्तकातील रंगीत चित्रापेक्षा दगडाखालचा खरा कीटक अधिक शिकवतो. तो बहुधा काळपट, तपकिरी वा शेवाळी रंगाचा आणि आपल्या अपेक्षेपेक्षा लहान असतो. पाहून झाल्यावर गोटा होता तसाच परत ठेवावा.

निम्फचा थोडा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडमधील चुनखडीच्या संथ नद्यांवर पाण्यावर तरंगणारी कोरडी फ्लाय हीच सभ्य मानली जाई. फ्रेडरिक हॅलफर्ड हे या मताचे प्रमुख पुरस्कर्ते. व्यवसायाने वकील असलेल्या जी. ई. एम. स्क्यूज यांनी या मताला आव्हान दिले. मासा पाण्याखाली खात असेल तर त्याला पाण्याखालीच फ्लाय दाखवण्यात गैर ते काय, असा त्यांचा प्रश्न होता. १९१० साली त्यांचे ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ हे पुस्तक आले. हा वाद पुढे कित्येक वर्षे रंगला.

वजनाचा मुद्दा निर्णायक ठरवला तो फ्रँक सॉयर यांनी. ते एव्हन नदीचे राखणदार होते. नदीतील कीटक पाहणे हा त्यांचा रोजचा उद्योग. त्यांनी निम्फ बांधताना रेशमी धागा बाजूला ठेवला आणि केसासारखी पातळ तांब्याची तार घेतली. फेझंट पक्ष्याच्या शेपटीची तांबूस पिसे या तारेनेच बांधली. एकाच तारेने बांधणी झाली, अंगावरची वळी झाली आणि वजनही आले. ‘फेझंट टेल’ हा त्यांचा निम्फ आज जगभर वापरला जातो. १९५८ साली ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ या पुस्तकात त्यांनी आपली पद्धत मांडली.

सॉयर यांची नदी मात्र संथ होती. डोंगरी खळाळासाठी पुढचे पाऊल पूर्व युरोपात पडले. १९८० च्या दशकात पोलंड आणि तत्कालीन चेकोस्लोव्हाकियाच्या स्पर्धकांनी जड निम्फ आखूड दोरीवर बांधून, काठीच्या टोकाखालीच तळाशी फिरवण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गाजवली. त्यानंतर फ्रेंच व स्पॅनिश मंडळींनी लांब, अतिशय बारीक दोरीची जोड दिली. टंगस्टनचे मणी सहज मिळू लागल्यावर लहान निम्फही वेगाने बुडू लागला आणि या पद्धतीचा प्रसार सर्वत्र झाला.

वजनाचा हिशेब

निम्फ किती वेगाने बुडेल हे तीन गोष्टींवर ठरते : धातूची घनता, निम्फचा आकार आणि दोरीची जाडी. पाण्याची घनता १ धरली तर पितळेची सुमारे ८.५, तांब्याची सुमारे ९, शिशाची ११.३ आणि टंगस्टनची १९.३ येते. म्हणजे तेवढ्याच आकाराचा टंगस्टनचा मणी पितळी मण्याच्या दुपटीहून जड भरतो.

मण्याच्या व्यासाकडेही लक्ष हवे. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते. म्हणून दोन आणि चार मिलीमीटरच्या मण्यांत दिसायला फारसा फरक नसला तरी पाण्यात तो फार मोठा असतो. ३.३ मिलीमीटरचा टंगस्टन मणी पाव ग्रॅमच्या आसपास भरतो. गरीच्या आकड्यांचा क्रम उलटा असतो. आकडा मोठा तितकी गरी लहान. १२ क्रमांकाच्या गरीला ३.३ मिलीमीटरचा, १४ क्रमांकाला २.८ मिलीमीटरचा आणि १६ क्रमांकाला त्याहून लहान मणी साधारणपणे शोभतो.

जड निम्फ नेहमीच चांगला, असे मात्र नाही. फार जड निम्फ प्रवाहाबरोबर वाहत नाही. तो तळाला लोळतो, दगडांत अडकतो आणि खऱ्या कीटकासारखा वागत नाही. तळाजवळून वाहत जाईल इतपतच वजन हवे. म्हणून जाणकार एकच निम्फ तीन वजनांत बांधतात आणि ओळखीसाठी मण्यामागे वेगवेगळ्या रंगांचा धागा वापरतात : हलक्याला काळा, मध्यमाला लाल, जडाला नारिंगी. नदीवर पाण्याची खोली बदलली की पेटीतून नेमका निम्फ काढता येतो.

शिसे स्वस्त असले तरी ते टाळावे. तुटून पाण्यात राहिलेले शिसे पाणपक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेने मरतात. इंग्लंडमध्ये राजहंसांच्या मृत्यूंमुळे १९८७ साली गळाच्या लहान शिशांवर बंदी आली. तांबे, पितळ वा टंगस्टन वापरले तर हा दोष लागत नाही.

बांधणीचे साहित्य

उपकरणे मोजकीच लागतात. गरी घट्ट धरणारा छोटा शिकंजा, धाग्याचे रीळ धरणारे बॉबिन, टोकदार कात्री, सुई आणि रंगहीन नेलपॉलिश. धागा पातळ पण मजबूत हवा. तांब्याची बारीक तार लहान मोटारी व ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या कारागिराकडे मिळते. टंगस्टनचे मणी आणि खास गऱ्या मात्र छंदाच्या साहित्याच्या दुकानातून किंवा टपालाने मागवाव्या लागतात.

पिसांबाबत कायद्याचे भान ठेवणे आवश्यक आहे. आपल्या सह्याद्रीतील रानकोंबड्याच्या मानेवरची, मेणचट ठिपक्यांची पिसे एकेकाळी इंग्लंडमधील फ्लाय बांधणाऱ्यांत अतोनात प्रिय होती. त्या मागणीसाठी असंख्य पक्षी मारले गेले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार या पक्ष्याला संरक्षण आहे. त्याची वा अन्य रानपक्ष्यांची पिसे आणि रानसशाचे केस वापरण्याचा मोह धरू नये. पाळीव कोंबडीची पिसे, घरच्या कुत्र्याच्या अंगचे गळलेले मऊ केस आणि लोकर यांवर उत्तम काम भागते. मोराची नैसर्गिकरीत्या गळलेली पिसे देशात बाळगण्यास मुभा आहे. ती परदेशी पाठवण्यास बंदी आहे. मोरपिसाच्या दांडीवरील हिरवट तपकिरी झाक असलेले तंतू निम्फच्या अंगासाठी जगभर नावाजलेले आहेत.

एक साधा निम्फ : कृती

१. गरीचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करावा. मासा सोडताना इजा कमी होते, आणि बोटात गरी घुसली तर ती सहज निघते.

२. मण्याचे लहान भोक पुढे येईल अशा रीतीने मणी टोकाकडून ओवून नेढ्यापर्यंत सरकवावा. नेढ्याशी वळण असलेल्या ‘जिग’ गरीला खाच असलेला मणी लागतो. अशा गरीचे टोक पाण्यात वर राहते आणि ती दगडांत कमी अडकते. गरी नंतर शिकंज्यात बसवावी.

३. मण्यामागे तांब्याच्या किंवा शिसेविरहित जाड तारेचे पाच-सहा वेढे देऊन ते मण्याच्या पोकळीत ढकलावेत. मणी डगमगत नाही. हलका निम्फ हवा असेल तर ही पायरी गाळावी.

४. धागा सुरू करून वेढ्यांवरून गरीच्या वाकापर्यंत न्यावा. तेथे कोंबडीच्या तपकिरी पिसाचे चार-पाच तंतू शेपटीसाठी बांधावेत. त्यांची लांबी गरीच्या दांडीच्या निम्म्याहून अधिक नसावी.

५. त्याच जागी बारीक तांब्याची तार आणि मोरपिसाचे दोन-तीन तंतू बांधावेत. धागा मण्याकडे परत आणावा.

६. मोरपिसाचे तंतू एकत्र पिळून पुढे गुंडाळत न्यावेत. अंग शेपटीकडे निमुळते आणि मण्याकडे किंचित भरीव दिसले पाहिजे.

७. मोरपीस दिसायला सुंदर पण नाजूक असते. ट्राउटच्या दातांनी ते लवकर तुटते. म्हणून तांब्याची तार विरुद्ध दिशेने, विरळ वेढ्यांनी गुंडाळावी. पिसाचे रक्षण होते आणि कीटकाच्या अंगावरील वळ्यांचाही भास होतो.

८. धाग्यावर चिमूटभर लोकर वा केस पिळून मण्यामागे दोन वेढे द्यावेत. ही निम्फची छाती. सुईने थोडे केस मोकळे करावेत. पाण्यात ते पायांसारखे हलतात.

९. खुणेच्या रंगाच्या धाग्याने गाठ मारून कापावे आणि गाठीवर नेलपॉलिशचा थेंब द्यावा.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे जास्त सामग्री भरणे. गुबगुबीत निम्फ देखणा दिसतो, पण पाणी त्याला उचलून धरते आणि तो सावकाश बुडतो. सडपातळ निम्फ तेवढ्याच वजनात लवकर तळ गाठतो. तयार झालेला निम्फ पाण्याने भरलेल्या उंच पेल्यात सोडून पाहावा. दोन निम्फ एकाच वेळी सोडले की कोणता किती वेगाने बुडतो, ते डोळ्यांनी दिसते.

पाण्यात उतरल्यावर

काठी नऊ ते अकरा फुटांची, हलकी आणि टोकाला संवेदनशील असावी. दोरीचे शेवटचे टोक ०.१२ ते ०.१६ मिलीमीटर जाडीच्या तंगूसचे असते. येथे जाडीला महत्त्व आहे. जाड तंगूसला प्रवाह ओढतो आणि निम्फ वर उचलला जातो. त्यामुळे मणी बदलण्याआधी तंगूस पातळ करून पाहणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. पातळ तंगूसच्या वर हातभर लांबीचा भडक नारिंगी वा पिवळा नायलॉनचा तुकडा जोडतात. निम्फ दिसत नसतो, हा तुकडा दिसतो. त्याच्या हालचालीवरून तळाशी काय चालले आहे ते कळते.

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. म्हणून त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकत जावे. आधी काठाजवळचे पाणी पाहावे, मग मधले. अनेक जण पहिल्याच पावलाला ज्या पाण्यात उतरतात, मासा नेमका तेथेच असतो. धोंड्यांच्या मागील व पुढील आडोसा, वेगवान व संथ पाणी एकमेकांना भिडते ती शिवण आणि खळाळ संपून डोह सुरू होतो ती जागा, ही ट्राउटची आवडती ठिकाणे.

निम्फ या जागेच्या थोडा वर, प्रवाहाच्या चढाच्या बाजूला टाकावा. त्याला बुडायला तेवढे अंतर लागते. काठी उंच धरून शक्य तितकी दोरी पाण्याबाहेर ठेवावी. पृष्ठभागावरचा वेगवान प्रवाह दोरी पकडतो आणि निम्फला ओढून नेतो, ही या प्रकारातील मुख्य अडचण आहे. दोरी हलकीच ताणलेली ठेवून काठीचे टोक प्रवाहाबरोबर खाली न्यावे. मात्र ओढू नये. रंगीत तुकडा पृष्ठभागावरील फेसापेक्षा किंचित सावकाश सरकत असेल तर निम्फ तळाच्या संथ थरात पोहोचला असे समजावे. तो फेसाच्याच वेगाने जात असेल तर वजन कमी पडते आहे. प्रत्येक खेपेला दगडात अडकत असेल तर वजन जास्त आहे. अधूनमधून तळाचा हलका स्पर्श जाणवणे ही योग्य स्थिती.

माशाचा घास जोरदार झटक्याने कळेल ही अपेक्षा चुकीची आहे. ट्राउट निम्फ तोंडात घेतो आणि खोटा आहे असे कळताच क्षणात थुंकतो. रंगीत तुकडा थबकला, थरथरला किंवा बाजूला सरकला की मनगटाने काठी हलकेच उचलावी. बहुतेक वेळा दगड निघतो. काही वेळा तो दगड चालू लागतो. फेरीच्या शेवटी निम्फ तळापासून वर उठू द्यावा. पंख फुटण्यासाठी वर निघालेल्या कीटकासारखा तो दिसतो आणि पुष्कळदा त्याच क्षणी घास पडतो.

परवाना, हंगाम आणि सुरक्षितता

ट्राउटच्या नद्यांवर परवान्याशिवाय गळ टाकता येत नाही. हिमाचलमध्ये मत्स्य विभाग परवाना देतो. ट्राउटच्या प्रजननासाठी तेथे १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते. काश्मीरमधील हंगाम साधारण एप्रिल ते सप्टेंबर असा असतो. बर्फ वितळून नद्या गढूळ होण्याआधीचे आणि पावसाळा संपल्यानंतरचे दिवस हिमाचलात अधिक अनुकूल असतात.

वेगवान पाण्याची भीती बाळगणे हा भित्रेपणा नव्हे. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये. हातात आधाराची काठी असावी, एकट्याने उतरू नये. धरणाच्या खालच्या बाजूला तर विशेष सावध राहावे. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात थलौटजवळ लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी बियास नदीत वाहून गेले. वीजनिर्मितीसाठी सोडलेले पाणी पावसाची चाहूल न देताच वाढते. वाशिष्ठीकाठच्या रहिवाशांनीही हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

धरलेला मासा सोडायचा असेल तर त्याला ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच धरावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघतो. त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निघून जाईपर्यंत थांबावे. पाणी २० अंशांच्या वर तापले असेल तर मासेमारीच थांबवावी. दमलेला मासा अशा पाण्यात सावरत नाही.

मासा आपल्या पाण्यात आणू नये

ट्राउट इतका रंजक मासा असेल तर तो आपल्याकडेही का सोडू नये, असा विचार एखाद्याच्या मनात येईल. कोकणात तो जगणार नाही, हे एक उत्तर झाले. पण जेथे जगला तेथील अनुभवही विचार करायला लावणारा आहे. हिमालयात बाहेरून आलेल्या तपकिरी ट्राउटने अनेक ठिकाणी मूळच्या असला माशाशी अन्न व जागेसाठी स्पर्धा मांडली आहे.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्याच माशाचे आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ज्या महसीरचे शास्त्रीय वर्णन केले, त्याच्या ‘खुद्री’ या नावाने तो आज जगभर ओळखला जातो. धरणे, प्रदूषण व बेसुमार मासेमारीने तो दुर्मीळ होऊ लागला, तेव्हा डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्यात त्याच्या कृत्रिम प्रजननाचे महत्त्वाचे काम केले. टाटा कंपनीच्या वळवण येथील केंद्रात ते पुढे वाढले. या कामाने खुद्रीला मोठा आधार मिळाला. पण तेथील बीज कावेरी नदीतही सोडले गेले. तेथे खुद्री इतका वाढला की कावेरीचा मूळचा प्रचंड देहाचा महसीर मागे पडत गेला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. हेतू चांगला असूनही परकी जागा निवडली की काय होते, हे यावरून दिसते.

कोकणाकडे याच्या उलट परंपरेचाही वारसा आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीचे मासे म्हणून महसीर राखले जातात. वैतरणेकाठी तिळसे येथेही असेच आहे. तेथे गरी टाकण्याचा विचार कोणी करत नाही. मृगाच्या पहिल्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी वहाळांतून वर चढतात. या चढणीच्या माशांवर गावोगाव झडप पडते. पोटात अंडी असलेला एक मासा सोडणे म्हणजे पुढच्या वर्षीचा ओढा भरणे होय.

निम्फचा सराव कोकणात करायचा झाला तर पाऊस ओसरून पाणी नितळल्यावर करावा. हलका निम्फ, दात दाबलेली गरी आणि लहान खवल्यांचे मासे एवढ्यावर तळाजवळून दोरी नेण्याचा हात बसतो. खुद्री लागलाच तर तो सोडून द्यावा. अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे असतात. त्यांची परवानगी आधी घ्यावी. गोड्या पाण्यातील माशांविषयी शंका असल्यास रत्नागिरीजवळ शिरगाव येथे मत्स्य महाविद्यालय आहे.

पाव ग्रॅम वजनाचा मणी माणसाला नदीच्या अशा थरात नेतो, जो काठावरून कधी दिसत नाही. तेथे मासा का उभा आहे, तो काय खातो, पाणी किती थंड आणि किती स्वच्छ आहे, हे कळल्याशिवाय निम्फ कामी येत नाही. ज्या ओढ्यातील दगडाखाली कीटक उरले नाहीत, त्या ओढ्यावर कितीही सुबक निम्फ बांधला तरी तो व्यर्थ. तेव्हा पुढच्या वेळी वहाळ ओलांडताना एक दगड उलटून पाहावा. खाली हालचाल दिसली तर नदी अजून जिवंत आहे.